‘दॅट’च्या आधीचं क्रियापद

नवी मुंबईतल्या उलव्यात मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. वर्गात दोन प्रकारची मुलं येतात. काही गव्हाण, वहाळ, मोरावे, शेलघर अशा जुन्या गावांतली, ज्यांच्या घरच्या जमिनी शहर वसवणाऱ्या सिडकोनं घेतल्या. काही सेक्टरांतल्या नव्या इमारतींतली, ज्यांचे आईवडील कर्ज काढून इथे राहायला आले. आता विमानतळ सुरू झालाय आणि दोघांची गरज एकच झाली आहे. टर्मिनलमध्ये, कार्गोत, सिक्युरिटीत किंवा न्हावा शेव्याकडच्या कंटेनर यार्डात नोकरी लागली, की थोड्याच दिवसांत हातात लॉगबुक येतं. फाडफाड इंग्रजी बोलता आलं तर छानच, पण तिथे घडलेली गोष्ट चार ओळींत नीट लिहिता येणं जास्त कामाचं असतं. असा कुठलाही अहवाल उघडून पाहा, त्यातली बरीचशी वाक्यं ‘अमुक असं म्हणाला’ याच घाटाची असतात.

हा वर्ग सुरू करण्याआधी बरीच वर्षं मी एका मराठी दैनिकात इंग्रजी बातम्यांचं मराठी करत होते. ‘सेड दॅट’, ‘क्लेम्ड दॅट’, ‘ॲश्युअर्ड दॅट’ यांच्याशी रोजची गाठ होती. या दोन्ही कामांतून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. दुसऱ्याचं बोलणं आपण लिहितो, तेव्हा त्या बोलण्याची जबाबदारी कोणी आणि किती घ्यायची, हे एका क्रियापदावर ठरतं. शाळेत हा भाग ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ म्हणून मार्कांपुरता शिकवतात आणि परीक्षा झाली की सोडून देतात. मला मात्र इंग्रजी व्याकरणात सचोटीशी याच्याइतकं जवळचं दुसरं प्रकरण दिसत नाही.

१. ‘टोल्ड’ लिहिलंत की मागे माणूस हवाच

‘पॅसेंजर टोल्ड दॅट हिज बॅग इज मिसिंग.’ नव्या मुलांच्या वहीत हे वाक्य हमखास सापडतं. तितकंच हमखास सापडणारं दुसरं, ‘ही सेड मी दॅट.’ दोन्हींचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. ‘त्यानं सांगितलं की बॅग हरवली’ हे मराठीत पूर्ण वाक्य झालं, कुणाला सांगितलं ते गाळलं तरी काही अडत नाही. आणि ‘तो मला म्हणाला’ हेही आपण दिवसभर म्हणतो. इंग्रजीनं मात्र कामाची वाटणी करून टाकली आहे. ‘टेल’च्या मागोमाग ऐकणारा माणूस लागतो. ‘से’ला तो लागत नाही, आणि घालायचाच असेल तर मध्ये ‘टू’ येतो.

मी फळ्यावर दोन रकाने आखते. ‘टेल’च्या रकान्यात इन्फॉर्म, ॲश्युअर, रिमाइंड, नोटिफाय, कन्व्हिन्स. ‘से’च्या रकान्यात एक्स्प्लेन, मेन्शन, कम्प्लेन, ॲडमिट, अनाउन्स, कन्फर्म. ‘ही एक्स्प्लेन्ड मी दॅट’ हे मोठमोठ्या हुद्द्यांवरच्या लोकांच्या तोंडून मी ऐकलं आहे. तिथे ‘एक्स्प्लेन्ड टू मी दॅट’ हवं. नवं क्रियापद भेटलं की मुलं आधी विचारतात, ‘हे कुठल्या रकान्यातलं?’ हा प्रश्न विचारायची सवय लागली की अर्धं काम झालं.

हे पाठ करण्यापुरतं नाही. रात्रपाळीला प्रवाशानं तक्रार केली, तर सकाळी पहिली चौकशी होते ती ‘तेव्हा कुणाच्या कानावर घातलं होतं?’ याची. ‘द पॅसेंजर टोल्ड द ड्यूटी सुपरवायझर दॅट हिज बॅग वॉज मिसिंग’ असं लिहिलं, तर उत्तर कागदावरच असतं. ‘टोल्ड’ लिहायचं ठरवलं की ऐकणाऱ्याचं नाव लिहावंच लागतं. कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या अंगावर नंतर काही शेकू नये, यासाठी व्याकरणाचा हा नियम खूप उपयोगी पडतो.

याच रोगाचं मोठं रूप इमारतींच्या नोटीस बोर्डावर दिसतं. ‘इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड टू ऑल मेंबर्स दॅट...’ आमच्या सेक्टरात क्वचितच एखादी सोसायटी यातून सुटली असेल. ‘इन्फॉर्म’ हे ‘टेल’च्या रकान्यातलं, त्यामुळे ज्यांना कळवायचं ती माणसं पुढे यायला हवीत. ‘ऑल मेंबर्स आर इन्फॉर्म्ड दॅट...’ एवढं पुरतं.

२. मराठीत ‘मी’ जागेवर राहतो, इंग्रजीत तो हलतो

मराठी माणूस दुसऱ्याचं बोलणं सांगतो तेव्हा ते शक्यतो त्याच्याच शब्दांत सांगतो. ‘मी पैसे भरलेत, असं तो म्हणाला.’ यातला ‘मी’ कोण, याबद्दल कुणाच्याही मनात गोंधळ होत नाही. आधी बोलणं येतं, मग ‘असं’ किंवा ‘म्हणून’ येतं, आणि बोलणारा सर्वांत शेवटी. संस्कृतातलं ‘इति’ हेच काम करायचं. ‘तो म्हणाला की...’ ही मांडणी फारसीच्या वळणानं आपल्याकडे रुळली असं अभ्यासक मानतात. पण ‘की’ वापरला तरी आपण ‘मी’ला हात लावत नाही. ‘तो म्हणाला की मी पैसे भरलेत.’ इथेही पैसे त्यानंच भरलेत.

हेच इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून लिहा. ‘ही सेड दॅट आय हॅव पेड.’ झालं, पैसे लिहिणाऱ्यानं भरले! एका मुलाच्या मामाचं भाड्याच्या दुकानाच्या डिपॉझिटवरून प्रकरण चाललं होतं, त्याचं पत्र मुलानं वर्गात आणलं होतं. त्यात हे एकच वाक्य असं पडलं होतं, आणि त्यामुळे समोरच्याचा दावा अर्जदाराच्या तोंडी गेला होता. ‘ही सेड दॅट ही हॅड पेड’ एवढा बदल केला आणि पत्र उभं राहिलं. पण तिथेही मी त्याला थांबवलं. दोन पुरुष असतील तर ‘ही’ कोणता? तिथे इंग्रजी लंगडी पडते आणि नाव पुन्हा लिहावं लागतं. लिहावं. नाव दोनदा आलं म्हणून पत्राचं सौंदर्य बिघडत नाही.

माझा मुलांना सल्ला असा, की आधी मराठीत जसंच्या तसं बोलणं मनात ऐका, मग त्यातला प्रत्येक ‘मी’, ‘तू’, ‘इथे’, ‘उद्या’ बोटानं दाखवा. हे चारही शब्द इंग्रजीत जागा बदलणार. ‘उद्या’चं ‘द नेक्स्ट डे’ झालं नाही, तर अहवाल दोन दिवसांनी वाचणारा माणूस भलत्याच दिवशी गेटवर येऊन उभा राहील.

३. ‘वुड’मध्ये शंका नसते

‘ही सेड दॅट द वर्क वुड बी कम्प्लीटेड बाय डिसेंबर.’ असं वाक्य वाचून आमच्याकडे अनेक जण म्हणतात, ‘बघा, वुड लिहिलंय, म्हणजे नक्की नाही.’ तसं नसतं. तो माणूस ‘विल’ म्हणाला होता. ‘सेड’ भूतकाळात गेलं म्हणून ‘विल’ही त्याच्यामागून गेलं, इतकंच. पुढे काम रखडलंही असेल, पण त्याचा दोष ‘वुड’ला देता येत नाही.

आणि जे अजूनही खरं आहे, ते वर्तमानात ठेवलं तरी चालतं. ‘शी सेड दॅट खारकोपर इज ऑन द उरण लाइन.’ स्टेशन काही भूतकाळात गेलेलं नाही.

४. शुक्रवार कुठे ठेवता ते बघा

‘दॅट’ गाळावा की ठेवावा, हे मुलं सारखं विचारतात. ‘से’, ‘थिंक’, ‘नो’ अशा रोजच्या क्रियापदांमागून बोलताना तो सहज गळतो, हरकत नाही. पण वाक्यात वार, तारीख किंवा वेळ असेल तर तो गाळू नका.

‘द ऑफिसर सेड ऑन फ्रायडे द वॉटर सप्लाय वुड बी शट.’ अधिकारी शुक्रवारी बोलला की पाणी शुक्रवारी बंद? उलव्यात पाणी पेणजवळच्या हेटवणे धरणातून येतं. जलवाहिनीच्या दुरुस्तीची सूचना आली की बादल्या, पिंपं, टाक्या भरायची धांदल उडते. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांनी शुक्रवारसाठी साठवायचं की शनिवारसाठी? ‘सेड ऑन फ्रायडे दॅट’ लिहिलं तर शुक्रवार बोलण्याचा. ‘सेड दॅट ऑन फ्रायडे’ लिहिलं तर शुक्रवार पाणी बंद होण्याचा. चार अक्षरांचा शब्द वाराच्या कुठल्या बाजूला बसतो, एवढ्यावर सगळं ठरतं.

५. ‘म्हणे’चं ‘अनाउन्स्ड’ करू नका

मराठीत आपल्याकडे ‘म्हणे’ आहे. ‘उद्या पाणी नाही म्हणे.’ ऐकीव आहे, खात्री नाही, कुणाकडून ऐकलं ते आठवत नाही, हे सगळं या शब्दात मावतं, आणि ऐकणाराही तितकाच विश्वास ठेवतो. इंग्रजीत इतका सहज शब्द नाही. ‘रिपोर्टेडली’ वर्तमानपत्री वाटतो, ‘इट इज सेड दॅट’ पुस्तकी. मग मुलं आणि मोठेही जवळचं दिसेल ते क्रियापद उचलतात. बाईनं भाजी घेताना ऐकलेलं ‘म्हणे’ सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजीत जाताना ‘सिडको हॅज अनाउन्स्ड दॅट’ होतं. एका क्रियापदानं ऐकीव गोष्टीवर सरकारी शिक्का बसतो.

यावर माझा साधा उपाय आहे. ‘आय हर्ड दॅट’ किंवा ‘अ नेबर टोल्ड मी दॅट’ लिहा. ही वाक्यं दिसायला किरकोळ आहेत, पण खरी आहेत. ‘अनाउन्स्ड’ फक्त तेव्हाच, जेव्हा सूचना तुम्ही स्वतः वाचली आहे.

६. प्रश्नामागे ‘दॅट’ लागत नाही

‘ही आस्क्ड दॅट व्हेअर इज द गेट.’ हे ‘त्यानं विचारलं की गेट कुठे आहे’ याचं जसंच्या तसं रूप. ‘आस्क’नंतर प्रश्न आला की ‘दॅट’ काढा आणि शब्द सरळ रांगेत लावा: ‘ही आस्क्ड व्हेअर द गेट वॉज.’ हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’. विमानतळावर दिवसभर लोक प्रश्नच विचारतात, म्हणून हे लवकर घोटून घ्यावं.

७. ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’ उलट्या दिशेला जातात

‘मला शंका आहे की त्यानंच बॅग उघडली.’ मराठीत याचा अर्थ त्यानं उघडली असावी. हेच वाक्य ‘आय डाउट दॅट ही ओपन्ड द बॅग’ असं लिहिलं, की इंग्रजी वाचणारा उलट समजतो: त्यानं उघडली असेल असं मला वाटत नाही. तुम्हाला जे म्हणायचं आहे ते ‘आय सस्पेक्ट दॅट’ आहे. सिक्युरिटीच्या अहवालात ही अदलाबदल झाली तर दोषी सुटेल किंवा निर्दोष अडकेल.

‘डिनाय’चंही तसंच. ‘मी बॅग उघडली नाही, असं त्यानं सांगितलं’ हे इंग्रजीत नेताना ‘नाही’ही सोबत जातो आणि ‘ही डिनाइड दॅट ही डिड नॉट ओपन द बॅग’ असं वाक्य तयार होतं. दोन नकार मिळून कबुली झाली! ‘डिनाइड’च्या पोटात एक ‘नाही’ आधीच आहे. ‘ही डिनाइड दॅट ही हॅड ओपन्ड द बॅग’ लिहा, किंवा सरळ ‘ही सेड दॅट ही हॅड नॉट ओपन्ड द बॅग.’ मला दुसरं जास्त आवडतं. त्यात घोटाळा व्हायला जागाच नाही.

८. जिथे मराठीत ‘वं’, तिथे इंग्रजीत मूळ क्रियापद

हा धडा मला विमानतळाच्या नावानंच शिकवता आला, आणि तो मी फार मनापासून शिकवते.

लोकनेते दि. बा. पाटील आमच्या शेजारच्या जासईचे. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं तत्त्व पुढे आलं. आज इथल्या अनेक इमारती त्याच भूखंडांवर उभ्या आहेत. दि. बा. २४ जून २०१३ रोजी गेले. विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून १० जून २०२१ रोजी मानवी साखळी झाली आणि २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, हजारो लोक सिडको भवनाकडे निघाले. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं तशी शिफारस करणारा ठराव केला.

आता हे इंग्रजीत कसं लिहाल? ‘द पीपल डिमांडेड दॅट द एअरपोर्ट बी नेम्ड आफ्टर दि. बा. पाटील.’ मुलं लगेच हात वर करतात. ‘मॅडम, एअरपोर्ट बी कसं? इज हवं ना? वॉज हवं ना?’ मी त्यांना मराठी वाक्य म्हणायला सांगते. ‘नाव द्यावं अशी मागणी केली.’ दिलं नाही, देतात नाही, ‘द्यावं’. ती घडलेली गोष्ट नाही, घडावी अशी इच्छा आहे, आणि त्यासाठी मराठीनं क्रियापदाला वेगळं रूप दिलं आहे: द्यावं, यावं, भरावं, थांबावं. इंग्रजी तिथे क्रियापद मूळ रूपात ठेवते, त्याला ना काळ लागतो ना ‘एस’. डिमांड, रेकमेंड, सजेस्ट, इन्सिस्ट, रिक्वेस्ट, प्रपोज यांच्या मागच्या ‘दॅट’मध्ये जर मराठी ‘वं’ ऐकू येत असेल, तर तिथे ‘बी’, ‘गो’, ‘पे’, ‘वेट’. ‘द असेंब्ली रेकमेंडेड दॅट द एअरपोर्ट बी नेम्ड...’ या भागातल्या मुलांना हे वाक्य दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्यातले कित्येक जण त्या साखळीत हात धरून उभे होते.

याचा रोजचा उपयोगही सांगते. ‘ही सजेस्टेड मी टू गो’ हे चुकीचं. ‘ही सजेस्टेड दॅट आय गो.’ आणि ‘इन्सिस्ट’ तर दुधारी आहे. ‘शी इन्सिस्टेड दॅट ही पे’ म्हणजे त्यानं पैसे भरावेत असा तिचा आग्रह. ‘शी इन्सिस्टेड दॅट ही हॅड पेड’ म्हणजे त्यानं भरले आहेत असं ती ठामपणे सांगत होती. एकीकडे येणं बाकी आहे, दुसरीकडे हिशेब मिटलेला आहे. ‘वं’ ऐकायची सवय असेल तर गल्लत होत नाही.

९. आश्वासनाचं क्रियापद सही करण्याआधी वाचा

हा धडा मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

उलव्यातली घरं बरीच वर्षं भविष्यकाळावर विकली गेली. विमानतळाचं भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ ला झालं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि प्रवासी विमानं उडू लागली २५ डिसेंबर २०२५ पासून. रेल्वे खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ मध्ये आली, पुढे उरणपर्यंत जायला जानेवारी २०२४ उजाडला. त्याच महिन्यात अटल सेतूही खुला झाला. मधल्या वर्षांत ज्यांनी इथे घर घेतलं, त्यांनी इंग्रजी जाहिराती आणि माहितीपत्रकं वाचूनच घेतलं. मी दोन-चार ओळखीच्यांबरोबर अशी पत्रकं वाचायला बसले आहे, आणि प्रत्येक वेळी पेन्सिलीनं एकाच गोष्टीवर खूण केली आहे: वाक्यात सांगणारा कोण आहे?

‘वी कन्फर्म दॅट पझेशन विल बी गिव्हन बाय...’ इथे सांगणारा आहे, तोच बांधील आहे. ‘इट इज एक्स्पेक्टेड दॅट’, ‘इट इज अंडरस्टूड दॅट’, ‘इज प्रपोज्ड टू’ यांत कुणीच नाही. अपेक्षा आहे, पण अपेक्षा करणारा गायब आहे. उद्या तारीख उलटली तर जाब कुणाला विचारायचा? ‘ॲश्युअर’ असेल तर त्यामागे कुणाला, हे लिहिलेलं असतं, म्हणजे ज्याला शब्द दिला तो माणूस कागदावर सापडतो. म्हणून मी सांगते, ‘इट इज’नं सुरू होणाऱ्या वाक्यावर पैसे देऊ नका. विकणाऱ्याला म्हणावं, हेच वाक्य ‘वी’नं सुरू करून, खाली सही करून द्या. देणारा देतो. जो ‘वी’ लिहायला तयार होत नाही, त्याच्याकडून तुम्हाला हवं ते उत्तर मिळालेलं असतं.

१०. एकाचं ‘स्टेटेड’, दुसऱ्याचं ‘क्लेम्ड’: हे करू नका

डेस्कवर काम करताना मला सर्वांत जास्त ज्याचा त्रास झाला, ते हे. विमानतळासाठी उलवे टेकडी फोडायची होती, नदीचा प्रवाह वळवायचा होता, दहा गावं हलवायची होती. सुरुंगांच्या हादऱ्यांनी घरांना तडे जातात, अशा तक्रारी गावांतून आल्या. अशा विषयावरची इंग्रजी बातमी हातात आली की तिची रचना बहुतेक ठरलेली असायची. अधिकारी ‘स्टेटेड’, ‘एक्स्प्लेन्ड’, ‘पॉइंटेड आउट’. गावकरी ‘क्लेम्ड’, ‘अलेज्ड’.

दोघेही बोललेच होते. बातमीदारानं दोघांचंही बोलणं तपासलेलं नव्हतं. तरी ‘पॉइंटेड आउट दॅट’ लिहिलं की ती गोष्ट खरीच आहे, फक्त दाखवून दिली, असा अर्थ होतो. ‘एक्स्प्लेन्ड’चंही तेच. ‘क्लेम्ड दॅट’ लिहिलं की लिहिणारा हात झटकतो: हे तो म्हणतोय, मला काही पटलेलं नाही. वाचकाच्या लक्षातही येत नाही आणि कौल लागून जातो. स्वतःच्या भिंतीवरचा तडा रोज पाहणाऱ्या बाईचं बोलणं ‘दावा’ होतं, आणि कार्यालयात बसून दिलेलं उत्तर ‘स्पष्टीकरण’. मराठी करताना मी दोन्हीकडे ‘सांगितले’ लिहायची. वरून कधी विचारणा झाली तर सांगायची, की दोन्ही बाजू आपण तपासल्या असतील तर ज्याचं खरं निघालं त्याला ‘निदर्शनास आणून दिले’ लिहू. तपासल्या नसतील तर दोघांनाही एकच क्रियापद.

वर्गातही मी हेच शिकवते. ‘सेड’ साधा आहे, वाचक त्यावर अडखळत नाही, आणि तो कुणाची बाजू घेत नाही. शैलीच्या नावाखाली शाळेत ‘सेड पुन्हा पुन्हा वापरू नका’ असं सांगतात, त्याला माझा ठाम विरोध आहे. गोष्ट लिहिताना ठीक. अहवालात आणि बातमीत पंचवीस वेळा ‘सेड’ आला तरी चालेल.

‘अलेज’ कधी वापरायचा, तेही सांगायला हवं. मारहाणीचा, चोरीचा आरोप असेल आणि चौकशी व्हायची असेल, तर ‘द पॅसेंजर अलेज्ड दॅट द लोडर हिट हिम’ हेच बरोबर. तिथे या शब्दामुळे ज्याच्यावर आरोप आहे त्याला संरक्षण मिळतं. ‘ॲडमिटेड’बाबत मात्र फार जपावं. ‘ही ॲडमिटेड दॅट ही वॉज इन द रूम.’ खोलीत असणं त्याचं कामच असेल तर त्यात कबूल करण्यासारखं काय आहे? ‘सेड’ लिहा. एखाद्या कंत्राटी पोराची नोकरी या एका शब्दावर जाऊ शकते.

११. जे पाहिलं त्याला ‘सॉ’, जे ऐकलं त्याला ‘वॉज टोल्ड’

फार सांगत नाही. ‘द ट्रॉली हिट द ग्लास डोअर ॲट द एंट्रन्स’ हे वाक्य, तुम्ही ते घडताना स्वतः पाहिलं असेल तरच लिहा. नाहीतर ‘आय वॉज टोल्ड बाय द क्लीनर दॅट’.

१२. साक्षीदाराला ‘रिमेम्बर्स’ द्या

वर्गाच्या शेवटी शेवटी मी एक काम देते. घरातल्या वयस्क माणसाशी बोला, त्यांना हवं त्या विषयावर बोलू द्या, आणि ते इंग्रजीत एक पानभर लिहा, प्रत्येक वाक्यात कोण बोलतंय ते स्पष्ट ठेवून. सेक्टरांतली मुलं गिरणगाव, कोकण, सातारा, विदर्भ घेऊन येतात. गावांतल्या मुलांच्या पानांवर मिठागरं येतात, खाडीतली मासळी, भातशेती, आणि वारंवार १९८४.

गव्हाणच्या बाजूच्या एका मुलीनं आजोबांविषयी लिहिलं होतं. पहिलं वाक्य, ‘माय ग्रँडफादर रिमेम्बर्स दॅट द रोड वॉज फुल ऑफ विमेन.’ बायका मोठ्या संख्येनं पुढे होत्या, असं आजोबांचं सांगणं. मी तिला तेच विचारलं जे सगळ्यांना विचारते. ‘रिमेम्बर’ हे ‘पॉइंट आउट’च्या जातीचं आहे. ‘सेज दॅट’ लिहिलंस तर हे आजोबांचं म्हणणं. ‘रिमेम्बर्स दॅट’ लिहिलंस तर ते तसं होतंच, असं तूही म्हणते आहेस. तुला कुठलं हवं?

तिनं पान हातात घेतलं, वाक्य पुन्हा वाचलं. ‘रिमेम्बर्सच राहू दे, मॅडम. आजा होता तिथं.’